सेफ मोडमधले सुभेदार

थोरात सुभेदार प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणत आणि समोरचा उत्तर देईपर्यंत पुढचा शब्द तोंडातून काढत नसत. लष्कराच्या सिग्नल खात्यात वायरलेसवर हयात गेलेली, तिथली ही खोड. आपलं बोलून झालं की 'ओव्हर', समोरच्याचा निरोप पोचला की 'रॉजर'. वायरलेसवर ते ठीक आहे हो, पण माधवनगरच्या बाजारात भेंडी घेताना कशाला? "कवळी हाय का? ओव्हर," म्हणून हा माणूस ताठ उभा, भाजीवाली दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलतेय आणि मागं आम्ही सगळे पिशव्या घेऊन खोळंबलोय. मी 'रॉजर' म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी कधीच म्हटलं नाही. मी सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो, कुणाच्या पलटणीत भरती झालो नव्हतो.

आमची नि त्यांची भिंत एक. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्यांच्या पुण्याच्या जावयाला अवदसा आठवली. त्याच्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप त्यानं गणपतीत सासऱ्यांना आणून दिला. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्या गल्लीत कुणी लॅपटॉप जवळून पाहिलेला नव्हता. हा तर चांगला विटेसारखा जड होता आणि बॅटरी मेलेली, त्यामुळं वायर लावल्याशिवाय चालायचा नाही. सुभेदारांनी त्याला रीतसर पलटणीत घेतलं. रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, पाटावर ठेवायचा, 'सावधान' म्हणून कळ दाबायची आणि मग दुपारपर्यंत त्यावर पत्ते खेळायचे.

थोरातकाकू स्वयंपाकघरातून ओरडत. काकूंचा आवाज असा, की गल्लीच्या टोकाला माणूस दचकावा. सुभेदारांचं 'ओव्हर' पुरं व्हायच्या आत उत्तर देणारी जगात ती एकच बाई होती, आणि तिच्यासमोर सुभेदारांची सगळी शिस्त गुंडाळून ठेवली जायची. भिंतीपलीकडून ते ऐकताना मला फार बरं वाटायचं.

दसरा झाला आणि लॅपटॉप बिघडला. सुरू व्हायचा, पण धड नाही. पडदा फिकट, अक्षरं ही मोठी आणि चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' लिहिलेलं. सुभेदारांना त्याचं काही वाटलं नाही. "सेफ हाय म्हणतंय न्हवं? मग काय बिघडलं? ओव्हर." मी सांगून पाहिलं, की सेफ मोड म्हणजे यंत्र आजारी आहे, जीव जगवण्यापुरतं काम करतंय, बाकी सगळं त्यानं बंद ठेवलंय. आवाजसुद्धा येणार नाही. त्यावर ते म्हणाले, पत्त्यांना आवाज लागतोय कशाला. मी सुटलो असं समजलो.

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात गेला होता आणि वाचा गेली होती. त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकू सोप्यात खुर्चीवर बसून राहायला लागल्या. पलीकडून येणारा तो आवाज बंद झाला आणि मला माझ्याच घरात चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आणि अशा वेळी हा गृहस्थ माझ्या दारात येऊन काय म्हणाला असेल? "मास्तर, यंत्राला आवाज पायजे. ओव्हर."

मला इतका संताप आला की काय सांगू. कशाला पाहिजे, म्हणून विचारलं, तर म्हणाले, टेस्टिंगला. मी यंत्र क्लासवर घेऊन जातो म्हटलं, तर हत्यार युनिटाबाहेर जात नाही, असं उत्तर आलं. झालं. तेव्हापासून माझ्या रविवारांची वाट लागली. मी फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या सोप्यात मांडी घालून बसायचो. आवाजाचा प्रोग्राम काढून परत घातला. त्यांच्या फायलींना हात न लावता सगळं विंडोज काढून परत घातलं. प्रत्येक वेळी यंत्र बंद करून चालू केलं की आपलं चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड'. सुभेदार मागं हात बांधून उभे आणि मी मान वर केली की, "प्रगती सांगा. ओव्हर."

त्याहून मला सहन होत नसे ते दुसरंच. मधेच ते काकूंकडे वळत आणि विचारत, "च्या घेतीस का? ओव्हर." आणि थांबत. बोलता न येणाऱ्या बाईपुढं हा माणूस उत्तराची वाट बघत उभा. काकू नुसत्या बघत. बराच वेळ गेला की सुभेदार मान हलवत आणि चहा टाकायला आत जात. चहाही असा करत, की पाहुण्यानं परत येऊ नये. ही कसली कवायत? निदान आजारी माणसाला तरी सोडावं की नाही?

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. "सुभेदारसाहेब," मी म्हणालो, "घरात माणूस बसलंय आजारी, आणि तुम्हाला या डबड्याचा आवाज हवाय?"

"व्हय, पायजे," ते म्हणाले. "ओव्हर."

मी ते यंत्र उचललं, पाटावर पालथं धरलं आणि पाठीवर दोन चापट्या मारल्या. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, मी चिडलो होतो म्हणून मारल्या. त्यातून हळद पडली. मग झेंडूची वाळकी पाकळी पडली. मी विचारलं, हे काय? सुभेदार म्हणाले, खंडेनवमीचं. कोयता, खुरपं, रेडिओ, स्कूटर आणि हे, अशी सगळी हत्यारं मांडून काकूंनी पूजा केली होती. हात सैल सोडून अक्षता टाकल्या होत्या.

मी काकूंच्या अंबाड्यातली पिन मागून घेतली आणि वरच्या ओळीतल्या कळांखाली घालून एकेक उचकटायला लागलो. 'एफ-फाइव्ह' लिहिलेल्या कळेखाली ती सापडली. ओल्या कुंकवाची, खाली चिकटून वाळलेली, तांबडी एक अक्षता. यंत्र सुरू होताना ती कळ दाबलेली असली की ते सेफ मोडमध्येच जातं. या कळेला तर दसऱ्यापासून कुणी वर येऊ दिलं नव्हतं. माझे सगळे रविवार तांदळाच्या एका दाण्यानं खाल्ले होते.

कळ बसवली, यंत्र चालू केलं. सरळ सुरू झालं आणि त्यातून सूर आले. मी फ्लॉप्या गोळा करून उठलो.

"थांबा," सुभेदार म्हणाले. पुढं 'ओव्हर' म्हणाले नाहीत, म्हणून मी थांबलो.

त्यांनी ती अक्षता उचलून खिशात टाकली. स्टूल ओढून काकूंच्या पुढ्यात मांडलं, वर यंत्र ठेवलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "सेट ठीक हाय तिचा. लाईन तुटलीया. आपलाच आवाज कानावर आला तर तुटल्यालं टोक घावंल कुटंतरी."

मग एका बोटानं त्यांनी काहीतरी उघडलं. खरखर झाली, भांडं पडलं आणि त्या आजारी खोलीत काकूंचा जुना, खणखणीत आवाज घुमला.

"आवं, किती येळ ते डबडं घिऊन बसताय? भाकरी निवली. बंद करा आदी."

जावयानं गणपतीत गमतीनं भरून ठेवलेलं ते बोलणं होतं. पुन्हा खरखर झाली आणि संपलं.

"ऐकलंस का?" सुभेदार म्हणाले. "ओव्हर."

आणि उभे राहिले. या वेळी मीही त्यांच्याबरोबर उभा राहिलो. काकू यंत्राकडे बघत होत्या. ओठ हलले, शब्द आला नाही. मग त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, सावकाश पुढं गेला, आणि त्यांनी लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं. तोंडाची चांगली बाजू हसली.

निरोप पोचला होता. उत्तरही आलं होतं. सुभेदारांना मात्र 'रॉजर' म्हणणं जमेना. ते पाठमोरे झाले आणि चहा टाकायला आत गेले.

पुढच्या रविवारी सकाळी परत दारात हजर. यंत्र काखेत, झाकण लोंबकळतंय. मी फाडकन बोलणारच होतो, पण त्यांचा चेहरा इतका फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"बिजागरी ढिली झालीया, मास्तर. तिनं लय येळा बंद केलं. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेलो.