हरचंदभाऊंची लंका

हरचंदभाऊ आपल्या मोटारीला पाण्याची सवय लावत होते. थट्टा नाही करत मी. बाजाराचा दिवस उलटला की दुसऱ्या दिवशी ते मोटार अडाण नदीच्या उतारावर न्यायचे, पुढची चाकं पाण्यात उभी करायचे, इंजिन बंद करायचे आणि तिच्या नाकाडावर हात फिरवत बसायचे. नवा गोऱ्हा पहिल्यांदा नदीत घातला की बिचकतो, त्याला चुचकारावं लागतं, हे कोणीही सांगेल. पण मोटार?

"बुजते ना, वयनी," ते मला समजावायचे. "आज नदीत उभी राह्यली, तं उद्या जहाजावर गडबडनार नाही."

जहाजावर. कारण हरचंदभाऊ मोटार घेऊन लंकेला जाणार होते.

आमचं बोरी अरबच्या बाजारात किराणा-तंबाखूचं दुकान. आमचे मालक गल्ल्यावर कमी आणि भजनात जास्त, त्यामुळे तराजू माझ्याच हाती. हरचंदभाऊंचा बंजाऱ्यांचा तांडा गावाबाहेर. सकाळी शेतातलं काम आटोपलं की मोटारीला हँडल मारायचे, भोंगा वाजवत यायचे आणि आमच्या पायरीवर बैठक मारायचे. चिमूटभर तंबाखू मागायचे आणि घोटभर चहा, आणि मग समुद्र सुरू.

दारव्ह्याला त्यांना कोणी ट्रकवाला भेटला होता. त्यानं सांगितलं होतं, रामेश्वराच्या पुढं जमीन संपते, तिथं जहाज लागतं आणि जहाजाच्या पोटात मोटारीसुद्धा घालतात.

"वरतं मानसं बसतात, वयनी, अन् खाली मोटारी. लाट आली का मोटार आतल्या आत डुलते. पायन्यातल्या लेकरावानी." हे सांगताना ते स्वतःच डुलायला लागायचे. डोळे अर्धे मिटलेले. "मंग सकाय होते, अन् धुक्यातून समोर लंका दिसते. हिरवीगार. झाडावर झाड."

खरं सांगते, माझाही हात तराजूवर थबकायचा. समुद्र मी तरी कुठं पाहिला होता? आमच्या अख्ख्या बोरीत कोणी पाहिला नव्हता. माझ्या मनातला समुद्र म्हणजे पुरातली अडाण, फक्त पलीकडचा काठ कोणीतरी पुसून टाकलेला. त्या पाण्यावरून हरचंदभाऊंची टपवाली मोटार अलगद चाललेली मला दिसायची. मग गिऱ्हाईक ओरडायचं, "बाई, गूळ देता का निजता?"

शाळेचे गुरुजी एकदा म्हणाले, "हरचंदभाऊ, लंका म्हणजे परका देश. कागदपत्रं लागतात."

"मारुतीले कोनं कागद मांगला होता?" हरचंदभाऊंनी विचारलं.

पोळ्याला तर कहर. तांड्यातले बैल तोरणाखाली उभे, आणि त्यांच्या रांगेत ही मोटार. अंगावर झूल, भोंग्याला बेगड, आणि रेडिएटरपुढं पुरणपोळी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हरचंदभाऊ शांतपणे म्हणाले, "आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख हिंडले. समुद्रापाशी बैल थांबला. आता हे जाईन."

पण वर्षामागून वर्षं जात होती आणि मोटार काही निघत नव्हती. कधी कपाशी वेचायची असायची, कधी टायर बसलेलं. काहीच नसलं की, "अजून बुजते थोडीशी." मी म्हणायची, "भाऊजी, तुमची मोटार बुजते का तुमी?" ते तंबाखू चोळत बसायचे.

लंकेत काय होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. थावरा होता. त्यांचा धाकटा भाऊ, आईमागं यांनीच खांद्यावर वाढवलेला, यांना 'भिया' म्हणणारा. थावराचा जीव होता एका बैलावर, आणि तो बैल यांनी त्याला न विचारता विकला. पोरगा भांडला, तर यांनी सगळ्या तांड्यासमोर त्याच्या मुस्काटात मारली. थावरा त्याच पावली निघून गेला. अनवाणी. बरीच वर्षं पत्ता नाही. मग तेलंगणाकडचा एक बैलांचा व्यापारी बाजारात बोलून गेला, "तुम्हारा थावरा लंका में है. मजे में है." त्यानंतरच मोटार आली.

"पायी गेला ना तो," हरचंदभाऊ म्हणायचे. "त्याले मोटारीतच आनीन. गादीवर बसवून."

दिवाळी झाली आणि गोदावरीकडचा एक तंबाखूवाला पहिल्यांदाच आमच्या दुकानात आला. त्यानं गठ्ठा सोडला, पान माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाला, "सूंघो बाई. असली लंका का माल."

पायरीवरचे हरचंदभाऊ ताडकन उभे राहिले. "जहाजातून आनला?"

"कौन सा जहाज?" तंबाखूवाला हसला. "गोदावरी में जो टापू रहता ना, उसको हमारे उधर लंका बोलते. ये लंका, वो लंका, बहुत लंका है. उसमें तंबाखू होता. तुम्हारे तांडेवाले भी आते उधर काम को."

"अन् पल्याड जातात कसे?"

"दो नाव जोड़ते, ऊपर फळी डालते. बैलगाड़ी जाती, मोटर भी जाती. बीड़ी खतम नहीं होती, उतने में उस पार."

त्याला थावराची ओळख पटेल अशा खुणा हरचंदभाऊंनी सांगितल्या. उंच, डाव्या भुवईवर वण. "हाँ हाँ, वो थावरा! बैल का दीवाना," तंबाखूवाला म्हणाला.

झालं! सगळा बाजार खो खो हसला. "हरचंदभाऊ, रावन गोदावरीतच निघाला हो!" "आता मारुतीले उडाचं कामच नाही, नुसता पाय टाकला का लंका!" मलाही हसू आवरेना. एवढी वर्षं बिचाऱ्या मोटारीला न्हाऊ-माखू घातलं, ते एका बिडीएवढ्या पाण्यासाठी!

हसले नाहीत ते एकटे हरचंदभाऊ. बाजार पांगला, तंबाखूवाला गेला, तरी ते पायरीवरच. मी चहा ठेवला, तो निवून साय धरली.

"आनंदाची गोष्ट हाये ना, भाऊजी?" मी विचारलं. "किती जवय निघाला."

"तेच तं," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना. "मले वाटे, मधात समुद्र हाये म्हनून येत नाही. समुद्र तो कसा वलांडीन बिचारा? नदी तं कोनीबी वलांडते, वयनी. म्हंजे तो येतच नव्हता."

या माणसाला समुद्र का लागत होता, ते मला आत्ता कळलं. मी रागावलेच. "अन् तोबी तिकडं हेच म्हनत असन, का भाऊ येत नाही! त्यानं मार खाल्ला, त्यानंच यावं काय? उठा. मोठे भाऊ ना तुमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार गावातून गेली. भोंगा न वाजवता.

दहा-पंधरा दिवस काही खबर नाही. मालकांना भजनातही चैन पडेना. मग एका दुपारी मोटार दुकानासमोर थांबली. मी गल्ला तसाच टाकून धावले. शेजारची गादी रिकामी होती.

"भेटला नाही?"

"भेटला." हरचंदभाऊ उतरून पायरीवर बसले. "तंबाखूच्या रोपायले पानी देऊन राह्यलता. मले पाह्यलं. हातातली घागर ठेवली. म्हने, भिया, इतका उशीर काहून केला?"

आणि हा धिप्पाड माणूस भर बाजारात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडला. या वेळी कोणी हसलं नाही.

"मंग आनला काहून नाही?" मी डोळे पुसत विचारलं.

"घर हाये त्याचं तिथं. बायको हाये, लेकरं हायेत. शेतात उभं पीक टाकून कसा येईन? होळीले येतो म्हनला. सारे घिऊन." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "होळी कवा हाये, वयनी?"

"अजून कार्तिक सरला नाही, भाऊजी. हिवाळा जायचा हाये सगळा."

त्यांनी बाजारापलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

"लय दूर हाये वो," ते म्हणाले.