निफाडकर काकांची दुसरी फळी

निफाडकर काका ‘गुड मॉर्निंग’ म्हणत नाहीत. स्कोअर सांगतात.

आमचा आठवडा रविवारी सुरू होतो. सकाळी साडेसहाला मी लुसैलच्या ऑफिसला निघते, काका त्यांच्या गॅस प्लँटच्या बससाठी उतरतात, आणि दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघं भेटतो. दार बंद झालं की काका समोर बघत म्हणतात, “एकतीस-अठ्ठावीस. शेवटच्या मिनिटाला.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ते त्यांचं ब्लड प्रेशर सांगताहेत. मी “टेक केअर, काका” म्हणाले.

खाली नेपाळी वॉचमनलाही तोच स्कोअर मिळतो, हिंदीत. तो “गुड, साब, गुड” म्हणतो आणि गेट उघडतो.

हे स्कोअर अमेरिकन फुटबॉलचे असतात. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून पळतात तो फुटबॉल. त्यातही मोठ्या व्यावसायिक टीम्स नव्हेत, कॉलेजच्या. तिथल्या कॉलेजांच्या टीम्सचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. काकांची कॉन्फरन्स ना वरची ना खालची. वर्गात मधल्या बाकावरची मुलं असतात ना, ज्यांचं नाव बाईंना वर्ष संपेपर्यंत पाठ होत नाही, तशी. खुद्द अमेरिकेतही तिच्याबद्दल फार लोक बोलत नसावेत. आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, काकांच्या घरात, मात्र तिच्याशिवाय विषय नाही.

जगातला गोल चेंडूचा सर्वांत मोठा मेळा आमच्या दारात झाला होता, तेव्हा लोक तिकिटासाठी वाटेल ते करत होते. काकांना कंपनीनं तिकीट दिलं. त्यांनी ते ड्रायव्हरला देऊन टाकलं. “त्या दिवशी आपला सामना होता,” म्हणाले. ‘आपला’ म्हणजे कुठल्या तरी गोठलेल्या गावातल्या कॉलेजचा. मी चोवीस वर्षांची आहे, दोहातच वाढले, पण असा माणूस पाहिला नव्हता.

काकू त्यांच्या आईच्या आजारपणासाठी नाशिकला आहेत. तिथून त्या माझ्या आईला फोन करतात, “ते जेवतात का बघ गं.” म्हणून शनिवारी संध्याकाळी आई डबा देऊन मला वर पाठवते. तेव्हा अमेरिकेत दुपार असते आणि काकांचा सामना चालू असतो. “बस, बस, दोन मिनिटं,” काका म्हणतात. मला नाही म्हणता येत नाही. दोन मिनिटं म्हणजे दीड तास.

“पूर्वी या कॉन्फरन्समध्ये दोन टीम तगड्या,” काका समजावतात, “बाकी सगळ्या पाणी भरायच्या. आता? तळाची टीम वरच्या टीमच्या घरी जाऊन तिला लोळवते. का?”

मला माहीत असतं. तरी मी गप्प बसते.

“दुसरी फळी. पहिला पोरगा जखमी झाला की बाकावरून उठून येतो तो त्याच्यापेक्षा सरस.”

एकदा त्यांनी हे टीपॉयवर मांडून दाखवलं. पिस्ते म्हणजे बचाव, शेंगदाणे म्हणजे हल्ला, आणि मधोमध एक मोठा खजूर, तो क्वार्टरबॅक, म्हणजे सगळी सूत्रं ज्याच्या हातात तो. मी घाबरले की हाताला मिळेल ते खाते. मी क्वार्टरबॅक खाल्ला.

काकांनी टीपॉयवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग डब्यातून दुसरा खजूर काढून त्यांनी त्याच जागी ठेवला. “बघ,” ते शांतपणे म्हणाले, “दुसरी फळी.”

हे तत्त्व त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही राबवलं. आरती सांगणाऱ्या जोशीकाकांचा घसा बसला होता, म्हणून निफाडकर काकांनी परस्पर एक राखीव आरतीवाला तयार ठेवला. ऐन वेळी जोशीकाकांचा घसा मोकळा झाला. त्यांनी गणपतीची आरती सुरू केली, त्याच क्षणी राखीव गृहस्थांनी देवीची. हॉलचे दोन तट पडले. कुणीच थांबेना. टाळ कुणाच्या तालावर वाजवायचे ते न कळून मी टाळ खाली ठेवले. काका तेवढे प्रसन्न होते. “चुरस बघ,” मला म्हणाले.

त्यांचा आणखी एक नियम होता. सामना ताजाच बघायचा. कधी तो आमच्या पहाटे यायचा, तर काका पहाटे उठायचे. “शिळी पोळी खाईन, शिळा सामना बघणार नाही.” सामना चालू असताना ते पाणी प्यायलाही उठत नसत. फोन घेत नसत. डोळ्यांत औषध घालायचं असेल तर जाहिरात लागेपर्यंत थांबत.

गेल्या नोव्हेंबरमधल्या शनिवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा काकांनी “बस” म्हटलं नाही. मी आपणहून बसले. त्यांच्या कॉलेजचा घरच्या मैदानावरचा त्या मोसमातला शेवटचा सामना होता. दोन्ही टीम बरोबरीत. काकांना आवडावा असा. आणि काका पुटपुटत होते, “पडा रे मागे. चांगले तीस पॉइंट मागे पडा.”

“समोरचे?” मी विचारलं.

“आपले. नाहीतर समोरचे. कुणीही पडा.”

मला धक्काच बसला. पांडुरंगाच्या देवळात बसून बुवांनी कीर्तन लवकर आटपू दे म्हणावं, तसं होतं ते. माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, पण चुरस?”

“चुरशीच्या सामन्यात कॉलेजचा बँड कोण दाखवतो?” काका म्हणाले. नजर पडद्यावरच. “एकतर्फी असला की कॅमेरावाला कंटाळतो. मग बँडकडे वळतो. पूर्वी हे कॉलेज दणकून हरायचं, तेव्हा दोन-दोन मिनिटं बँड दिसायचा. आता हे शिकले खेळायला. झाली सगळ्यांची दुसरी फळी तयार.”

“बँडमध्ये कोण आहे?”

“सई.”

सई त्यांची मुलगी. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होती. ती अमेरिकेत मेकॅनिकल करते, असं काका मंडळात सांगत.

“मेकॅनिकल सोडलं तिनं दुसऱ्याच वर्षी. म्युझिक घेतलं. वरातीत वाजवायला तुला अमेरिकेला पाठवलं नाही, असं मी म्हणालो. तेव्हापासून फक्त आईशीच बोलते.” काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. “आज शेवटचं. मग पास होऊन जाईल कुठे तरी. तिथे काही कॅमेरा नसेल.”

मी शेंगदाणे खाल्ले.

तेवढ्यात भात लागल्याचा वास आला. मागच्या वर्षी काकांच्या भातानं फायर अलार्म वाजून सबंध बिल्डिंग रस्त्यावर आली होती. काका तडक उठून स्वयंपाकघरात पळाले. सामना चालू असताना उठलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आणि पडद्यावर बँड आला.

लाल कोट, उंच टोप्या, पितळी वाद्यांची रांग. दुसऱ्या ओळीत लांबलचक ट्रॉम्बोन पुढेमागे करत सई. मी ओरडले. मी कधी ओरडत नाही. काका हातात डाव घेऊन धावत आले, तोवर पडद्यावर पुन्हा हेल्मेटं होती.

“होती?”

“हो.”

ते डाव धरून तसेच उभे राहिले. त्यावरून भात गालिच्यावर पडत होता.

“मागे घेते, काका,” मी म्हणाले.

“लाइव्ह आहे. लाइव्ह मागे जात नाही.”

सबंध गॅस प्लँटची कंट्रोल रूम सांभाळणारा माणूस हे म्हणत होता. मी रिमोट उचलला. त्या घरात रिमोटला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ. हेल्मेटवाले उलटे पळाले, लाल कोट परत आले, आणि मी पॉज केलं.

सईची टोपी कपाळावर घसरलेली. गाल फुगलेले. डोळे मिटल्यासारखे.

काका हळूहळू खाली बसले. “बारीक झाली,” म्हणाले. पुढे वाकून, “टोपी मोठी होते तिला.”

मग रिमोटकडे बघत त्यांनी विचारलं, “हे असं थांबवता कधीपासून येतं?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. “पहिल्यापासून, काका,” मी म्हणाले.

मी गालिचा पुसला, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि निघाले. दार ओढून घेताना वळून पाहिलं, तर पडदा तिथेच थांबलेला होता.

रविवारी सकाळी लिफ्टचं दार बंद झालं. काका समोर बघत म्हणाले, “गुड मॉर्निंग.”

मी इतकी दचकले की उत्तर द्यायचं राहून गेलं.

खाली वॉचमन गेटपाशी वाट बघत होता. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. “साब, स्कोर?”

“मालूम नहीं,” काका म्हणाले. “बेटी को मेसेज करके पूछा है.”

“क्या बोली?”

“जवाब नहीं आया अभी. वहाँ रात है ना.”

वॉचमननं मान हलवली. “आएगा, साब. इन्शाल्ला.”

बस आली. काका फोन हातात धरूनच चढले.