अप्पासाहेबांचे गाडीवर आरोहण जाहले त्याची हकीकत

श्रीमार्तंडचरणी मस्तक ठेवून, कसबे इंदूर, प्रांत माळवा, येथील अन्नपूर्णा पेठेचे राजश्री नचिकेतराव यांनी जुनी विलायती गाडी कैसी हस्तगत केली, तो मजकूर लिहितो. चूकभूल लिहिणाराचे माथी, कीर्ती खाशांची.

नचिकेतराव विजय नगरी संगणकाचे कचेरीत चाकरीस. घरची मोटार बुटकी; तीर्थरूप अप्पासाहेब तीत बसले की विहिरीत उतरल्यासारखे, आणि गुडघे ऐसे रुसत की बाहेर काढावयास दोन माणसांची कुमक लागे. अप्पासाहेबांचे आजोबा होळकरशाही पागेतले शिलेदार, आणि वंशजास शेजारीपाजारी काखेत हात घालून उपसतात! ही बेअब्रू सोसवेना, आणि मग अप्पासाहेबांनी घराबाहेर पडणेच सोडले. सबब नचिकेतरावांनी मसलत केली की डोंगर चढणारी उंच गाडी घ्यावी. खरे सांगावे तर खाशांचे मन कॉलेजापासून ऐशा गाडीवर जडलेले, त्यास बापाचे गुडघे हा बहाणा बरा सापडला. परंतु ते असो. मातोश्री इंदिराबाईंनी फर्मान काढिले की अप्पा आपले पायांनी चढतील तरच गाडी, नाही तर मोहीम बरखास्त.

मग रविवारी रिक्षाने कूच करून तिघांचे लष्कर पलासिया पेठेत अर्पितभिया, म्हणजे इंदुरी बोलीत अर्पितभाऊ, यांचे जुन्या गाड्यांचे तळावर दाखल जाहले. अर्पितभिया गोड जिभेचे मुत्सद्दी. त्यांनी एक शुभ्र गाडी पुढे केली आणि म्हणाले, "भिया, ही तर नावाला चालली आहे. एकदम मक्खन!" नचिकेतराव पाहताच गारद. कोपऱ्यात दुसरी होती, काळी, दोन लक्ष किलोमीटर तुडवून आलेली, अंगावर ओरखडे, दारांखाली लांब पायरी. तिजकडे कोणी ढुंकून पाहीना.

अप्पासाहेबांनी काठी टेकीत दोहोंची पाहणी केली, टायरांवर थापा मारल्या, आणि हुकूम केला की पांढरी नको. बांधून ठेवलेले जनावर आखडते, मजकडे पाहा की! काळी चाललेली आहे, ती चालेल. हे ऐकून नचिकेतरावांस बापाचा शब्द मोडवेना, आणि पांढरीवरून नजरही हटेना, ऐसा दुहेरी पेच पडला.

मग काळीचे दार उघडून चढाईस आरंभ जाहला, तोच इंदिराबाई गरजल्या, "अहो, उजवा पाय आधी! शुभ काम आहे!" अप्पासाहेबांनी उजवा पाय पायरीवर ठेविला आणि डावा आत घालू जाता तोंड जाहले मागील आसनाकडे, पाठ पुढल्या काचेकडे, आणि खासी स्वारी दारातच अडकली. खाली उतरले. पुन्हा हल्ला, पुन्हा शिकस्त. अर्पितभियांनी प्लास्टिकचे स्टूल आणविले, तेव्हा अप्पासाहेबांनी त्याजकडे ऐसे पाहिले की स्टूल आल्या पावली परत गेले. नचिकेतराव काखेत हात घालावयास सरसावले, तो अप्पासाहेबांची ताकीद जाहली, "हात नको लावू. घरी चला."

संपले! गाडी गेली, आणि बाप पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार. यातील दुःख कोणते मोठे हे नचिकेतरावांस कळेना, परंतु डोळे भरले ते खोटे नव्हेत.

तोच अप्पासाहेब थबकले. "घोडीवर उजवा पाय आधी टाकला," ते पुटपुटले, "तर आजोबा चाबूक मारायचे." आणि काठी इंदिराबाईंचे हाती देऊन, दाराजवळील मूठ आयाळीसारखी धरून, डावा पाय रिकिबीत, म्हणजे पायरीवर, घालून, उजवी टांग आत फेकिली, आणि हां हां म्हणता गादीवर! काय वर्णावे! इंदिराबाई शकुन विसरून टाळ्या पिटू लागल्या, आणि अर्पितभिया, ज्यांस काळी विकण्याची उमेदच नव्हती, ते ओरडले, "वाह दादाजी, वाह!"

उतरण्याची गोष्ट निघताच अप्पासाहेबांनी साफ इन्कार केला. कागद खिडकीशी आणविले, सह्या बॉनेटवर जाहल्या, आणि इंदिराबाई व अर्पितभिया यांस मागील आसनी भरून स्वारी निघाली. नचिकेतराव बापास जपून, कासवाचे चालीने हाकू लागले, तेव्हा फर्मान सुटले, "अरे भिया, दाबून चालव ना! मी काय बीमार आहे?"

येणेप्रमाणे काळी गाडी फत्ते जाहली, म्हणोन दाखल केले असे. हे लिहीपर्यंत अप्पासाहेब घरी परतले नाहीत.