पेटीतला आपलेपणा

माणसाला सर्दी होते, संधिवात होतो, पण मत्सर नावाचा आजार आपल्याला आजवर शिवलेला नाही, असं जुने छातीवर हात ठेवून सांगत. "दुसऱ्याचं भलं झालं की मला आनंदच होतो!" असं म्हणत. आता तो आनंद व्हायला लागला की त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या आणि दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही, ही गोष्ट वेगळी. काही माणसांचा आनंद जरा तिखट असतो, इतकंच.

जुने म्हणजे कानाची यंत्रं बसवून देणाऱ्या दुकानातले तंत्रज्ञ. चौदा वर्षं ते तिथे नुसते 'साहेब' होते. आठ महिन्यांपूर्वी दुकानात दुसरा तंत्रज्ञ आला, गिऱ्हाइकं त्याला 'नवे साहेब' म्हणायला लागली आणि बघता बघता हे 'जुने साहेब' झाले. पुढे 'साहेब'ही गळालं. माणूस वयानं म्हातारा होत नाही, शेजारच्या खुर्चीत तरुण माणूस येऊन बसला की होतो.

बरं, हे नवे सतत हसायचे. सकाळी आले की हसायचे, यंत्र बिघडलं की हसायचे, जुने "अरे, तो स्क्रू दे इकडे" असं खेकसले तरी "हे घ्या, सर!" म्हणून हसत स्क्रू द्यायचे. जुने त्यांना पहिल्या दिवसापासून 'अरे-तुरे' करत. मत्सर नव्हता ना!

एकदा एक आजोबा तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आले. यंत्र बंद पडलंय म्हणाले. जुन्यांनी यंत्र खोललं, बॅटरी बदलली, आवाज वाढवला.

"आता येतंय ऐकू?" जुने ओरडले.

"नको, आत्ताच घेतला चहा," आजोबा म्हणाले.

नव्यांनी हळूच यंत्र उचललं, त्याच्या नळीत एक बारीक तार घातली आणि कानातल्या मळाचा वाटाण्याएवढा गोळा बाहेर काढला. आजोबांनी यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, "पंख्याचा आवाज येतो की हो! सोन्यासारखा मुलगा आहे! आणि हे मघापासून माझ्यावर ओरडणारे कोण?"

जुन्यांच्या पाळ्या इतक्या तापल्या की त्यावर इस्त्री झाली असती.

अशातच दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, जाहीर केलं की पलीकडच्या रस्त्यावर नवी शाखा निघतेय आणि दोघांपैकी एकाला तिथे शाखाप्रमुख करायचंय. निवड येत्या शनिवारी. फिरती खुर्ची, काचेचं दार, आणि दारावर प्रमुखाच्या पूर्ण नावाची पाटी!

पाटीचं ऐकून जुन्यांचे कान टवकारले. खुर्ची गेली खड्ड्यात. पण दारावर स्वतःचं नाव असलेल्या माणसाला 'जुने' म्हणायची कोणाची छाती आहे? ती पाटी आपल्याला मिळाली नाही तर उरलेली नोकरी आपण एक विशेषण म्हणून काढणार, हे त्यांना लख्ख दिसलं.

"अहो, पाळ्या लाल झाल्यात तुमच्या," घरी आल्याआल्या बायको म्हणाली.

"ऊन लागलं."

"ढग आलेत बाहेर. त्या पोराचं काय झालं आज?"

"मी काय त्याचा विचार करत बसतो की काय!" म्हणत त्यांनी पाऊण तास त्या पोराविषयीच सांगितलं.

"मग ताईच्या यजमानांसारखं करा ना," बायको म्हणाली. "रोज सकाळी दहा मिनिटं आरशापुढे उभं राहून स्वतःशी चांगलं बोलतात. मन कसं ताळ्यावर राहतं! वर्षात दोन बढत्या मिळाल्या."

ताईचे यजमान म्हणजे जुन्यांचे साडू. साडू म्हणजे सासऱ्यानं आपल्याला मोजायला ठेवलेलं दुसरं माप. नाव निघाल्याबरोबर थंड होत आलेल्या पाळ्या पुन्हा पेटल्या. पण गरज पडली की माणूस साडूलाही फोन करतो.

"सोपं आहे हो," साडू फोनवर म्हणाले. "मोठ्यानं बोलायचं, हसून बोलायचं आणि दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन बोलायचं नाही. दुसऱ्याचं नाव आलं की सगळं फुकट! मला तर आता सवयच झालीय. तसंही माझ्यात चांगलं इतकं आहे, की दहा मिनिटं पुरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी जुने न्हाणीघरात आरशापुढे उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "तू हुशार आहेस!"

छे! त्यांना आयुष्यात 'तू' म्हणणारे दोनच पुरुष होते, वडील आणि गणिताचे मास्तर. दोघेही 'तू' म्हटल्यावर पुढच्याच क्षणी कान धरत. जुन्यांचा हात आपोआप कानाकडे गेला.

मग म्हणाले, "मी हुशार आहे." आरशातला माणूस 'पुरावा काय?' अशा नजरेनं बघत राहिला.

आणि मग त्यांना सुचलं. चौदा वर्षांच्या अनुभवी माणसाशी बोलायची ही रीत आहे का? मान द्यायला नको? त्यांनी किंचित वाकून, हात जोडून, हसून म्हटलं, "आपण फार हुशार आहात!"

अहाहा! आरशातला माणूस एकदम दोन बोटं उंच झाला. "आपण म्हणजे कणा आहात!" जुने म्हणाले. "छे छे, आपण संकोच करू नका. आपल्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही!"

बाहेर येऊन बघतात तर बायको साडी नीट करून, ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन उभी!

"कोण आलंय हो?" ती कुजबुजली. "आणि पाहुण्यांना न्हाणीघरात काय बसवलंय?"

"पाहुणे नाहीत. मीच आहे तो."

"मग 'आपण' कोणाला म्हणत होतात?"

"आपल्यालाच!"

"मला? लग्नाला बावीस वर्षं झाली, कधी 'अगं'च्या पुढे गेला नाहीत!"

"तुला नाही गं, आपल्याला म्हणजे... मला!"

बायकोनं तिन्ही कप चहा स्वतः पिऊन टाकला आणि उद्यापासून हे प्रकार घराबाहेर करायचे, असा हुकूम सोडला.

जुन्यांना जागेची काय वाण! दुकानात कान तपासायची पेटी होती. पेटी म्हणजे फोन करण्याच्या जुन्या खोक्यापेक्षा जरा मोठी खोली. भिंतींना जाड गादी, दाराला रबर, समोर एक काच. आत बसलेला माणूस छाती फुटेस्तोवर ओरडला तरी बाहेर चिमणीलाही कळत नाही. आत एक माईक असतो. पेशंटनं "ऐकू आलं" म्हटलं की ते काचेबाहेर बसलेल्या तंत्रज्ञाच्या हेडफोनमध्ये येतं. पण त्यासाठी बाहेरचं मशीन चालू असावं लागतं, आणि जुने आत शिरण्याआधी ते बंद असल्याची दोनदा खात्री करत. चौदा वर्षांचा अनुभव होता!

दुकान दहाला उघडायचं. जुने सव्वानवालाच येऊन पेटीत बसू लागले. बंद दुकानात अंधार, पेटीत दिवा. त्यामुळे काचेचा झकास आरसा व्हायचा. आरशातल्या स्वतःकडे प्रेमानं बघत, हात जोडून, जुने खणखणीत आवाजात सुरू करायचे.

"आपण या दुकानाचा कणा आहात! आपला हात यंत्राला लागला की दगडालाही ऐकू येतं! चौदा वर्षांची ही आपली तपश्चर्या वाया जाणार नाही! दारावर पाटी लागेल तर आपल्याच नावाची!"

परिणाम दिसायला लागला. जुन्यांची मान ताठ झाली. सोमवारी त्यांनी एका बाईंचं यंत्र पहिल्या फटक्यात बसवलं. पण मंगळवारपासून नव्यांचं काहीतरी बिनसलं. म्हणजे ते जास्तच चांगले वागायला लागले! जुन्यांची खुर्ची पुसून ठेवायला लागले. चहा आधी जुन्यांपुढे, मग स्वतःला. बुधवारी तर जुन्यांकडे बघता बघता त्यांचे डोळेच भरून आले.

"काय रे, काय झालं?" जुने गुरकावले.

"काही नाही, सर. माणूस वरून किती कडक असतो आणि आतून..." एवढं बोलून नवे पळालेच.

मुत्सद्दी! बेरकी! मॅडमपुढे गोड दिसायची नाटकं! हा आता रडूनही बघणार! जुन्यांची पाळी फडफडली. पण साडूंचा नियम होता, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. गुरुवार, शुक्रवार त्यांनी दातओठ खाऊन हसतमुखानं काढले.

शनिवारी मात्र त्यांना राहवेना. पेटीत बसून आधी नेहमीचं बोलून झालं, आणि मग म्हणाले (नाव न घेता, नियमात राहून!), "आणि त्या दुसऱ्याचा आपण विचारच करू नका! त्याला काय येतं? त्याची लायकी इथली जुनी खुर्ची पुसण्याची! त्याला इथेच कुजू द्या. आपण पुढे व्हा! मॅडमनी डोळे मिटून आपल्यालाच शाखाप्रमुख करावं, हे मी शपथेवर सांगतो!"

आणि काचेतल्या स्वतःला त्यांनी वाकून नमस्कार केला. इतकं हलकं, इतकं निर्मळ त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. नव्याविषयी जराही राग उरला नव्हता. हरणाऱ्या माणसाचा राग कोण करतो!

अकरा वाजता मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मॅडमचे डोळे लाल. नव्यांचे तर सुजलेलेच. जुन्यांनी मनात म्हटलं, सांगून टाकलेलं दिसतंय बिचाऱ्याला.

"जुने," मॅडम म्हणाल्या, "खरं सांगते. पत्र मी काल तुमच्याच नावानं टाईप करून ठेवलं होतं."

जुन्यांची छाती फुगली.

"मला वाटायचं, तुम्ही या मुलावर जळता. माफ करा मला! आज सकाळी यानं मला फोन करून लवकर बोलावून घेतलं आणि दुसरा हेडफोन माझ्या कानाला लावला."

जुन्यांची छाती तिथेच थांबली. "हेडफोन?"

नवे हात जोडून पुढे आले. "सर, मी सोमवारी मशीन तपासायला लवकर आलो होतो. मशीन चालू करून हेडफोन लावला, तर आतून तुम्ही माझ्याकडे बघत, हात जोडून बोलत होतात! आठ महिने 'अरे' म्हणणारा माणूस मला 'आपण' म्हणत होता! मला कळलं, तोंडावर कौतुक करायचा तुम्हाला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही बंद पेटीत बसून करता. दिवा लावला असता तर तुम्ही लाजला असतात, म्हणून मी रोज अंधारातच बसून ऐकायचो."

"पण... पण चौदा वर्षांची तपश्चर्या..." जुन्यांनी बुडत्यासारखा हात मारला.

"हो ना! मी चौदा वर्षांचा असल्यापासून रेडिओ खोलतोय, हे तुम्हाला कुणी सांगितलं, सर?"

"आणि आजचं तर ऐकवेना मला," मॅडमनी रुमाल डोळ्यांना लावला. "स्वतःला 'दुसरा' म्हणालात! 'त्याची लायकी जुनी खुर्ची पुसण्याची, त्याला इथेच कुजू द्या!' इतका कमीपणा घ्यायचा माणसानं? तुमच्या शब्दाला मान देऊन मी ते पत्र फाडलं आणि याच्या नावानं नवं केलं. तुमची हरकत नाही ना?"

जुन्यांनी तोंड उघडलं. सांगायचं तरी काय? की मी ते सगळं स्वतःलाच म्हणत होतो? हात जोडून? रोज? आणि कुजायला सांगितलं ते याला? त्यांनी तोंड मिटलं. पाळ्या मात्र पेटून उठल्या.

"बघा, कसे लाजलेत!" मॅडम म्हणाल्या.

नवी शाखा थाटात उघडली. दारावर पाटी लागली. खाली मान घालून ती लावली जुन्यांनीच, कारण नव्यांचा हट्ट होता की पाटी लागेल तर सरांच्याच हातानं.

पण एवढ्यावर भागलं असतं तरी जुने निभावून गेले असते. निघताना नव्यांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर, तुमचे ते शब्द कानावर पडल्याशिवाय आता माझा दिवसच नीट जात नाही. सकाळी एक फोन कराल?"

शेजारी मॅडम उभ्या होत्या. जुने 'हो' म्हणाले.

तेव्हापासून रोज सव्वानऊला जुने न्हाणीघरात शिरतात, दाराला कडी घालतात, फोन लावतात आणि म्हणतात, "आपण या शाखेचा कणा आहात. आपला हात यंत्राला लागला की दगडालाही ऐकू येतं." साडूंच्या नियमाप्रमाणे मोठ्यानं, आणि हसून. मग फोन ठेवतात, आरशात बघतात, आणि आणखी दोन वाक्यं बोलतात. ती छापण्यासारखी नाहीत. एवढंच सांगतो, की त्यात 'आपण' येत नाही.

"गेले का हो पाहुणे?" बायको बाहेरून विचारते.

"गेले."

"मग आता 'तू' कोणाला म्हणताय?"

"आता काय," जुने कान चोळत म्हणतात, "घरातलाच माणूस आहे!"