सत्तरीपुढची चूक

चालत्या प्रणालीला हात लावू नये, हे संगणकशास्त्राचं मूलभूत तत्त्व आहे. ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाही, कारण पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना प्रणाली चालवावी लागत नाही.

या तत्त्वाला अनुसरून एका डोळ्यांच्या रुग्णालयाने नवीकोरी वेबसाइट उभारली. रंग ताजे, बटणं गोलमटोल. अर्ज तपासणारा भाग तेवढा एका नोकरभरती कार्यालयाकडून आणलेला, एकतीस वर्षं जुना. (अनुभवी उमेदवारास प्राधान्य.)

एका निवृत्त प्रोग्रामर बाईंनी नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी तिथे अर्ज भरला. नवऱ्याचं वय एकाहत्तर. त्या सकाळी त्याने चहा कपाच्या शेजारी ओतला होता. उत्तर तत्परतेने आलं: 'अर्जदाराचे वय ही टंकलेखनातील चूक आहे.'

"काय म्हणतंय?"

"तुमचं वय चूक आहे म्हणतंय."

"तुझ्या माहेरचं दिसतंय."

बाई हसल्या नाहीत. ते वाक्य खरोखरच त्यांचं होतं. नोकरीच्या अर्जात सत्तरीपुढचं वय म्हणजे कारकुनाचं बोट घसरलेलं, असा विचार करून त्यांनीच ते लिहिलं होतं.

नवऱ्याला घेऊन त्या रुग्णालयात गेल्या आणि तिथल्या इंजिनिअरला म्हणाल्या, "ती ओळ काढून टाका. मीच लिहिलीय."

इंजिनिअर खुर्चीतून उठून उभा राहिला. "मॅडम, ती काढली तर काय काय बंद पडेल, कुणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे. काहीही नाही."

"तसं लेखी लागेल. तेही सेवेत असलेल्या माणसाचं." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "सगळे एकोणसत्तर टाकतात."

खरंच होतं. वर्षभरातल्या चार हजार एकशे बारा रुग्णांपैकी तीन हजार आठशे जण नेमके एकोणसत्तर वर्षांचे होते. (वार्षिक अहवालात याचं श्रेय आरोग्यजागृतीला दिलं आहे.)

बाईंनी जन्मात यंत्राला खोटा आकडा दिला नव्हता. त्यांनी बाहेर पाहिलं. नवरा भिंत चाचपत खुर्ची शोधत होता. त्यांनी एकोणसत्तर टाकलं. मंगळवारची तारीख मिळाली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पट्टी निघताच नवऱ्याने बाईंकडे निरखून पाहिलं. "अगं, किती पिकलेत तुझे केस!" त्यावर बाई पहिल्यांदा रडल्या.

पुढे एवढे एकोणसत्तर कसे, यावर चौकशी समिती बसली. माहिती अर्जदार स्वतः भरतात, तेव्हा प्रणाली निर्दोष आहे, असा तिने निर्वाळा दिला. लोकच खोटं लिहितात, त्याला कोण काय करणार?

तुम्ही अर्थातच त्यातले नाही. 'सर्व अटी वाचल्या व मान्य आहेत' या चौकटीत तुम्ही आजवर जितक्या खुणा केल्यात, त्या वाचूनच केल्यात.