आधी डोकं उडवायचं

बाईचा फोटो हातात आला की आधी डोकं उडवायचं, ही त्या जाहिरात कंपनीतली शिस्त होती. हातपाय नंतर, रंगरंगोटी त्याहून नंतर. पहिला मान डोक्याचा. हे काम करणाऱ्याला सगळे कात्री म्हणत. कात्री इतका भित्रा की स्वतःच्या खिशातला मोबाईल वाजला तरी दचकायचा. पण कॉम्प्युटरवर बाईचा फोटो उघडला की त्याचा हात कसा झरझर चाले!

"डोकं का नको, सांगू?" साहेब प्रत्येक नव्या माणसाला समजावत. "डोळे दिसले की बघणारा ओशाळतो. मान खाली घालून चालता होतो. आपल्याला तो थांबायला हवाय, काय?"

तर एका योगवर्गाची जाहिरात आली. वर्गवाल्याने सकाळच्या बॅचचे ढीगभर फोटो पाठवले होते. कात्रीने त्यातला एक उचलला. कॅमेऱ्याकडे पाठ करून जमिनीवर टाचा मुडपून बसलेली, कमरेतून मागे वळलेली एक बाई. त्याने डोकं उडवलं. मग कंबर आत घेतली, ढगळ पँट आवळली, ब्लाऊजएवढी उरेल इतकी बंडी कापली आणि पाठीला घामाची चकाकी दिली. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तेव्हाही तो दचकलाच.

फलक लागला तो नेमका कात्रीच्या घराजवळच्या चौकात. संध्याकाळी बसमधून उतरून त्याने कौतुकाने वर पाहिलं आणि मग डोळे चोळून पुन्हा पाहिलं. फलकावरच्या बाईच्या डाव्या कोपरावर भाजल्याचा तिरका डाग होता. कॉम्प्युटरवर तो तिळाएवढा होता म्हणून राहून गेला होता. आता तो ताटाएवढा दिसत होता, आणि तो डाग कात्रीच्या चांगला ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो इस्त्री बंद करायला विसरला होता, आणि त्या इस्त्रीला कोपर लागलं होतं सासूबाईंचं.

तो आल्या पावली ऑफिसात पळाला आणि मूळ फोटो उघडला. सासूबाईच! खांद्यावरून मागे बघत खळखळून हसत होत्या. घरात त्यांना असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. "गुडघ्यांसाठी सकाळी जाऊन येते," असं त्या म्हणायच्या, ते त्याला डॉक्टरकडे वाटायचं.

आता सासूबाई म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी कात्री शर्टाची बटणं चाचपायचा. त्यात राहतं घर त्यांच्याच नावावर. हे कळलं तर त्या आपल्याला बॅगेसकट दाराबाहेर काढतील, आणि बायको बॅग भरून देईल, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी त्याने फलक लावणाऱ्याला फोन केला. "दादा, एक पट्टी चिकटवायचीय. 'प्रवेश सुरू'. चांगली रुंद. खांद्याखालपासून पार बैठकीपर्यंत. कोपर झाकलं गेलंच पाहिजे!"

"कोपर?" फलकवाला म्हणाला. "आजवर लोकांनी काय काय झाकायला सांगितलंय, पण कोपर पहिल्यांदाच ऐकतोय."

पट्टी लागली. कोपर झाकलं गेलं, पण त्याबरोबर बंडीही झाकली गेली, पँटही झाकली गेली. पट्टीच्या वर नुसते खांदे उरले आणि खाली नुसती पावलं. चौकातून बघणाऱ्याला असं वाटे, की ही बाई पट्टीशिवाय दुसरं काहीच ल्यायलेली नाही. दुपारपर्यंत तिथे एका स्कूटरवाल्याने पुढच्या रिक्षाला धडक दिली आणि रिक्षावालाही वरच बघत असल्याने भांडण झालंच नाही.

"कात्री! अरे, तू छुपा रुस्तम निघालास!" साहेब आनंदाने ओरडले. "वर्गवाला खूश आहे. ही पट्टी आता सगळ्या चौकांत!"

"स-सगळ्या?" कात्रीने विचारलं. एका फलकाला तो घाबरला होता. आता सासूबाई गावभर झाल्या.

रात्री जेवताना त्याची नजर ताटातून वर येईना. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चौकातला तो फलक पाहिलात का, जावईबापू?"

घास घशात अडकला. बायकोने पाठीत धपाटे घातले. "अहो, पाणी प्या, पाणी!"

"कुणाची पोर आहे कोण जाणे," सासूबाई म्हणाल्या. "पोटासाठी उभी राहिली असेल बिचारी. तिचा नाही राग मला. मला तो बघायचाय, ज्याने हे बनवलं."

कात्रीचा जीव भांड्यात पडला. ओळखलं नाही! डोकं उडवलेलं आणि कोपर झाकलेलं, त्यामुळे प्रत्यक्ष मालकिणीलाही ओळख पटली नव्हती. पण पुढच्याच वाक्याने ते भांडं उलटं झालं.

"उद्या आमची अख्खी बॅच तुमच्या ऑफिसात येतेय. त्या फलकाच्या कोपऱ्यात तुमच्याच कंपनीचं नाव आहे ना? तुम्ही घाबरू नका, तुम्हाला नाही बोलणार."

दुसऱ्या दिवशी त्याने आजारी पडायचा प्रयत्न केला, पण बायकोने थर्मामीटर लावला. अकराच्या सुमाराला ऑफिसचा जिना वाजला आणि कात्री झेरॉक्स मशीनच्या मागे जाऊन बसला. सकाळची बॅच आत आली. बहुतेक आज्या, दोन-तीन काकू, सगळ्या ताठ कण्याच्या.

"बाई, ही कला आहे," साहेब गोड हसले.

"असेल. मग त्या कलेला डोकं का नाही?" सासूबाईंनी विचारलं. "मूळ फोटो दाखवा. जे जे कापलंत, ते ते परत लावून दाखवा, इथे, आमच्यासमोर."

"हात्तिच्या! एवढंच ना? कात्री, ये बाहेर! उघड फाईल."

कात्री बाहेर आला.  सासूबाईंनी त्याला पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "अच्छा. तुम्हालाच कात्री म्हणतात होय?" आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मागे बायकांचं कडं पडलं. आता पळायलाही वाट नव्हती.

त्याने पट्टी काढली. "बरं झालं बाई," मागून कुणीतरी म्हणालं. घामाची चकाकी गेली. बंडी पुन्हा लांब झाली. कंबर हळूहळू बाहेर आली, आणखी आली, बरीच आली. "आता कशी चारचौघींसारखी वाटतेय!" एक आजी म्हणाल्या. पँट सैल झाली. "अगं, ही पँट मी कुठेतरी बघितलीय," दुसरी म्हणाली. कात्रीच्या कानशिलांवरून घाम निथळत होता.  सासूबाईंनी पडद्यावरचं कोपर पाहिलं, मग सावकाश हात वळवून स्वतःचं कोपर पाहिलं.

"थांबलात का?" त्यांचा आवाज अगदी शांत होता. "डोकं राहिलं."

कात्रीने डोळे मिटले आणि बटण दाबलं. पडद्यावर सासूबाई खळखळून हसल्या. खोलीत कुणीच हसलं नाही. साहेबही हळूच मागे सरकले.

"आई, शपथ सांगतो!" कात्री रडकुंडीला आला. "मला खरंच माहीत नव्हतं हो! मी चेहरा बघितलाच नव्हता!"

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे बाकीचं सगळं नीट बघितलंत."

कात्रीला वाटलं, याहून त्यांनी घराबाहेर काढलं असतं तर बरं. पण त्यांनी घराबाहेर काढलं नाही. त्यांनी फक्त मूळ फोटो, काडीचाही बदल न करता, सगळ्या चौकांत लावायला सांगितला. आणि सकाळची बॅच वर्ग सोडेल या भीतीने वर्गवाल्याने तो मुकाट्याने लावला.

साहेबांचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं निघालं. आता त्या चौकात कुणी थांबत नाही. स्कूटरवाले वर बघतात, सासूबाईंची नजर भिडते, आणि ते मान खाली घालून सरळ निघून जातात. कात्री तर एक स्टॉप आधीच उतरतो.