अर्धा पेला युरिया

आजारी माणसाला औषध पाजावं तर मीच. मी वाहन परवान्याच्या चाचण्या घेतो. शेजारचा चालक भिंतीच्या दिशेने निघालेला असताना शांतपणे "आता ब्रेक" म्हणणं हा माझा रोजचा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे सासऱ्यांना रोज एक पुडी पाजायची असं ठरलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "तू यात पडू नकोस. माझ्यावर सोड."

सासरे कापड गिरणीत तपासनीस होते. ताग्यातले तुटके धागे शोधण्यात त्यांचा जन्म गेला, आणि लेकीच्या लग्नानंतर मीही त्यांच्या तपासणीत आलो. हे सासरे अलीकडे चालताना झोकांड्या खाऊ लागले, चष्मा फ्रीजमध्ये ठेवू लागले आणि माझ्याशी प्रेमाने वागू लागले. "या जावईबुवा, बसा. दमलात का?" असं विचारायचे. बायकोला पहिल्या दोन गोष्टींची काळजी वाटली, मला तिसरीची.

रक्त तपासलं. सोडियम कमी निघालं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "यांच्या शरीरात पाणी साठून राहतंय, त्यामुळे रक्तातलं सोडियम कमी दिसतंय. पाणी मोजून द्यायचं. शिवाय आमच्याकडे एका पावडरीचा अभ्यास चालू आहे. काही रुग्णांचं फक्त पाणी कमी करतो, काहींना सोबत पावडरही देतो. जास्तीचं पाणी ती लघवीवाटे काढते."

"कसली पावडर?" बायकोने विचारलं.

"युरिया."

"शेतात टाकतात तो?"

"पदार्थ तोच. पण हा माणसांसाठी शुद्ध केलेला."

"चांगला असतो तो," सासरे प्रसन्नपणे म्हणाले. "पीक जोमात येतं."

त्यांनी मान डोलावली, बायकोने सही केली. त्यांच्या वाट्याला पावडर आली.

पहिल्या सकाळी मी पुडी संत्र्याच्या रसात ढवळली आणि पेला त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"घ्या तुम्ही."

"बाबा, हे घ्यायलाच हवं."

"हो ना. मग घ्या."

आजारी माणसाशी वाद घालू नये. पेशंटला धीर यावा म्हणून मी एक घोट घेतला. गंजक्या किल्लीला कडू काकडी लावून चोखावी, तशी चव होती. उमेदवार फूटपाथवर गाडी चढवतो तेव्हा मी जो चेहरा ठेवतो, तोच ठेवला.

"छान आहे," मी म्हणालो.

"मग आणखी घ्या."

अर्धा पेला संपवून मी हात टेकले. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं, पेला उचलला आणि उरलेला अर्धा एका दमात रिकामा केला. मी मनात म्हटलं, जमलं. रोज हेच चालू झालं. अर्धं तर अर्धं, पोटात जातंय ना?

पावडर कामाला लागली. माझ्यात.

एका दंतवैद्याची चाचणी चालू होती. मी म्हणालो, "डावीकडे घ्या."

"सर, मार्ग सरळ आहे ना?"

"डावीकडे घ्या. थांबवा. इंजिन चालू ठेवा."

तिथे सार्वजनिक स्वच्छतागृह होतं. परत येऊन बसलो. पुढे पेट्रोल पंपावर थांबलो, मग वाचनालयापाशी. दंतवैद्याने प्रत्येक वेळी गाडी दाराला चिकटून लावली. मी त्याला पास केलं. असं पार्किंग मी नोकरीत पाहिलेलं नव्हतं.

बातमी पसरली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी आपल्या उमेदवारांना नवा मार्ग शिकवायला घेतला: पंप, वाचनालय, टपाल कचेरी. साहेबांनी मला आत बोलावलं.

"काल तुम्ही एका बाईंना गाडीत बसवून थिएटरमध्ये गेलात?"

"होय साहेब."

"सिनेमा बघायला?"

"नाही साहेब."

साहेबांनी फाइल मिटली. "शुगर तपासून घ्या," म्हणाले, आणि त्यांनी तेवढंच बायकोलाही फोनवर सांगितलं.

त्यानंतर सासऱ्यांना पुन्हा तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "सोडियम फारसं वाढलं नाही. पुडी पूर्ण घेतात ना?"

"पेला रोज रिकामा होतो," मी म्हणालो. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मग यांना दाखल करून घ्यावं लागेल. असेच कुठे पडले तर हाड मोडेल."

हे ऐकून बायकोला रडू कोसळलं. "इकडे बाबांचं असं, आणि यांनाही काहीतरी झालंय. सारखे लघवीला पळतात. ऑफिसातून फोन आला होता."

डॉक्टरीणबाई सावकाश माझ्याकडे वळल्या.

"पेला नक्की कोण रिकामा करतं?"

मी सांगितलं. बायकोचं रडणं जागच्या जागी थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं आणि अर्धी मात्रा जावयाने घेतल्याची नोंद केली. खबरदारी म्हणून माझंही रक्त काढलं. सोडियम उत्तम होतं. सासऱ्यांना दाखल करणं थोडं लांबवलं, पण पुडी आता लेकीच्याच हातून द्यायची, अशी सक्त ताकीद मिळाली.

लेकीने पेला दिला, सासऱ्यांनी मुकाट्याने रिकामा केला. हळूहळू सोडियम वर आलं. झोकांड्या थांबल्या, चष्मा नाकावर आला, डोकं लख्ख झालं. तेव्हा एका सकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं.

"काय म्हणतेय तब्येत?"

"कोणाची, बाबा?"

"तुमची. तुमची पुडी बंद झालेली दिसते."

"माझी?"

"माझं डोकं तेव्हा जाग्यावर नव्हतं, पण तुम्ही औषध ढवळायचात एवढं कळत होतं. तुम्हाला ते पिववायचं नाही. एक घोट घेऊन तोंड कसंनुसं करायचात. मला वाटलं, जावयाला काहीतरी मोठं निघालंय. मला वाटलं, जावयाला काहीतरी मोठं निघालंय. कडू औषध एकट्याने घेणं जड जातं, म्हणून मी आपला सोबतीला अर्धा पेला प्यायचो."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"जपा."

मी "हो" म्हणालो. आणखी काय म्हणणार?